सूरजकुंडच्या मेळ्यात आत्याच्या गोधड्या: परत जावं का नको?

मांजराकाठ
बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, लिहायचं आज करू उद्या करू म्हणत राहून गेलं. विषय असा की 2025 च्या फेब्रुवारीत मी आणि माझी आत्या सूरजकुंडच्या मेळ्यात गोधड्या विकायला गेलो होतो. आता परत अर्ज करायचा का, यावरून घरात दोन तट पडलेत. म्हणलं इथं विचारावं, इथं हिशोबी पण हायेत आन हौशी पण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिल्लीला लागून हरियाणात फरीदाबादला सूरजकुंड म्हणून पायऱ्यापायऱ्यांचा जुना तलाव आहे, तोमर घराण्यातल्या सूरजपालानं 10 व्या शतकात बांधला म्हणतात. त्याच्या शेजारी 1987 पासून दरसाल फेब्रुवारीच्या सुमारास हा मेळा भरतो. देशभरातले विणकर, कुंभार, चित्रकार, लाकूडकाम करणारे, आणि 2013 पासून आंतरराष्ट्रीय झाला म्हणून बाहेरच्या देशातले पण. दरवर्षी एखादं राज्य थीम स्टेट असतं. 2019 ला आपला महाराष्ट्र होता. आम्ही गेलो तेव्हा ओडिशा आणि मध्य प्रदेश. 7 ते 23 फेब्रुवारी, म्हणजे 17 दिवस. माझं लातूरला शिवणकामाचं दुकान आहे, तेवढे दिवस शटर खाली.

आत्या केजकडची. वय साठीच्या पुढं, शाळा दुसरीपर्यंत, गाव सोडून लांब म्हणजे एकदा पंढरपूर आन एकदा तिरुपती. बचत गटातल्या मॅडमनी मागं लागून तिचं हस्तकला कारागिराचं पहचान कार्ड काढून घेतलं होतं, ते दोन वर्षं गहू काढायच्या डब्यात पडून होतं. मीच अर्ज केला, आणि चक्क नंबर लागला.

परभणीला सचखंड एक्सप्रेस धरली. चार गाठोडी, एक पिशवी धपाटे, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. सचखंडला वाटेत शीख सेवेकरी लंगर देतात, आपलं भांडं पुढं करायचं की त्यात वाढतात, ते मला माहीत होतं पण आत्याला नाही. ती म्हणली आपण काय भिकारी हाव का, आन डबा काढून बसली. मग समोरच्या बर्थवरच्या सरदारीण आजीनी तिच्या डब्यातली चटणी मागून घेतली, त्याच्यानंतर मात्र आत्यानं ताट पुढं केलं. देणंघेणं झालं ना आता, म्हणली.

पहिले दोन दिवस एक दुपटं सोडून काही गेलं नाही. लोक यायचे, हात लावायचे, आणि म्हणायचे "अच्छा, कांथा है." आत्याला आधी कळलंच नाही. मी सांगितलं की बंगालमध्ये असं असतंय, त्याला कांथा म्हणतात. झालं, पुढचे पंधरा दिवस जो कोणी कांथा म्हणंल त्याला ती मराठीतून सुनवायची, "कांथा न्हाई, गोधडी हाय ही, गो-ध-डी, म्हणा." काही लोक घाबरून म्हणायचे पण.

गंमत म्हणजे दोन स्टॉल सोडून खरंच बंगालची एक बाई कांथा घेऊन बसलेली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आत्या उठून तिच्याकडं गेली, तिची ओढणी उलटी करून मागची बाजू बघितली, टाक्यावरून नख फिरवलं आणि काही न बोलता माघारी आली. मी विचारलं काय झालं. म्हणली, "तिचा टाका तांदळाच्या कणीएवढा हाय, माझा गव्हाएवढा." मग दुपारी तिच्यासाठी धपाटं घेऊन गेली.

आता मुद्द्याचं. आत्यानं एक गोधडी गाठोड्यात सगळ्यात खाली दडवून ठेवली होती. कारण तिला खालून अस्तर म्हणून मैद्याच्या जुन्या पोत्यांचं कापड लावलेलं, माझ्या आज्यानं एकेकाळी हॉटेल टाकलं होतं तेव्हाचं. धुवून धुवून मऊ झालंय पण निळ्या शाईचे अक्षरं अजून दिसतात, अर्धं 'मैदा' आणि किलोचा आकडा. आत्या म्हणायची हे दाखवू नको, लोक हसतेल. दहाव्या दिवशी वरच्या गोधड्या दाखवायच्या नादात ती बाहेर आली, गुडगावच्या एका बाईनं ती उलटली, अक्षरं बघितली आणि घासाघीस न करता सांगितला तेवढा भाव देऊन घेऊन गेली. शेजारी आत्याची सगळ्यात चांगली, दोन इलकल लुगड्यांची, चौकटीत चौकट घातलेली गोधडी तशीच पडलेली. आत्या संध्याकाळपर्यंत गप. रात्री खोलीवर म्हणली, "मंजे माझ्या हाताला गिऱ्हाईक न्हाई, पोत्याला हाय."

हिशोब: 14 मोठ्या नेल्या, 9 गेल्या. 30 दुपटी नेली, 26 गेली. मोठीला सरासरी 3200 पडले, दुपट्याला 650. एकूण 45,700. दोघींचं जाणंयेणं, खोलीचं भाडं, जेवण, रिक्षा मिळून 21,000. दोरा आणि नवीन अस्तर 4,800. राहिले 19,900. एका मोठ्या गोधडीला आत्याला 25 दुपारा लागतात, दुपट्याला तीन.

माझा भाऊ म्हणतो हे येड्याचं काम आहे. माझं मत जावं. सांगा.

तुरीचं_वरण
पहिलं म्हणजे धपाट्याची चटणी परभणी स्टेशनवर मिळत नाही का आता, का आत्याच्या हातचीच पाहिजे 😄 दुसरं, गो-ध-डी म्हणा हे वाचून ऑफिसात एकटाच हसायलोय, बाजूचा माणूस बघायलाय.

हिशोबाला_पक्की
माफ करा पण मी हिशोब केल्याशिवाय राहू शकत नाही. विकल्या गेलेल्या 9 मोठ्या म्हणजे 225 दुपारा, 26 दुपटी म्हणजे 78, एकूण 303. 19,900 भागिले 303 म्हणजे दुपारला साधारण 65 रुपये. त्यात तुमचं 17 दिवस बंद दुकान धरलेलं नाही. ज्या 5 मोठ्या आणि 4 दुपटी माघारी आली त्यांची मेहनत पण धरलेली नाही. आमच्याकडं खुरपणीला बाई यायला तयार नाही आणि आली तर अडीचशे-तीनशेच्या खाली बोलत नाही. भाऊ रागाचं बोलला असंल पण चुकीचं नाही बोलला.

बालाघाटी
हिशोबाच्या आधी एक विचारू का, त्या गोधड्या आहेत की वाकळा? आमच्या आष्टी-पाटोद्याकडं वाकळ म्हणजे जाड, चिंध्याबोंध्या आत घालून दाभणानं टाचलेली, अंथरायची. गोधडी पातळ, पांघरायची. तुम्ही सरसकट गोधडी लिहिलंय म्हणून विचारलं. शब्द नीट वापरले नाहीत तर दिल्लीवाल्यांनी कांथा म्हणलं म्हणून रागवायचा आपल्याला काय अधिकार.

मांजराकाठ
@बालाघाटी, पांघरायच्याच आहेत, गोधडीच बरोबर. पण आत्या स्वतः घरात दोन्हीला वाकळच म्हणती, मेळ्यात मात्र गोधडी म्हणायची. विचारलं तर म्हणली, वाकळ घरच्यासाठी असती, इकायची ती गोधडी. घ्या आता.

@हिशोबाला_पक्की, 65 चा आकडा मी काढला नव्हता मुद्दाम. आता काढलाच आहे तर ठीके.

गोदावरीचं_पाणी
मला एक कळत नाही, लोकांना दिल्ली कामून लागते. आपल्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते, खंडोबाची, मार्गशीर्षात. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळा बाजार. वाघ्या-मुरळी, गोंधळी, पोतराज येतात, लावणी महोत्सव होतो, कुस्त्यांचा फड होतो. घोंगड्या तिथंच विकल्या जातात, धनगर स्वतः खांद्यावर टाकून आणतात, ना स्टॉल ना अर्ज ना पहचान कार्ड. इथून बसनं दोन तासात जाऊन संध्याकाळी घरी. 21,000 खर्चच नाही.

देवणी_खोंड
@गोदावरीचं_पाणी, माळेगावला मी लहानपणापासून जातो, त्या यात्रेवर जीव आहे, पण तिथं येणारा माणूस घोंगडी घ्यायला येतो कारण त्याला रानात राखणीला ती लागते. त्याच्या घरात दहा वाकळा पडल्यात, आई शिवते, आजी शिवते. तो पैसे देऊन गोधडी कामून घेईल? ज्याच्या घरात शिवणारं कोणी उरलं नाही तोच घेतो, आणि तो शहरात राहतो. गिऱ्हाईक जिथं आहे तिथं जावं लागतं.

आमच्या उदगीरहून बिदर हाकेच्या अंतरावर, तिथल्या बिदरीचं पण हेच. जस्त आणि थोडं तांबं असा ओतीव धातू, त्यात कोरून चांदीची तार ठोकून बसवायची, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातल्या मातीच्या पाण्यात घालून काळा करायचा, चांदी तेवढी पांढरी राहते. कारागीर ती माती जिभेवर ठेवून चव घेऊन ओळखतो, चालेल का नाही. मी स्वतः बघितलंय. आता उदगीरात कोणाच्या घरात बिदरीचा हुक्का लागतो? निजामाचं राज्य गेलं, हुक्के गेले. ते लोक दिल्ली हाटचा हस्तकला बाजार, सूरजकुंड असं फिरतात म्हणून चूल चालते.

गोदावरीचं_पाणी
माती जिभेवर ठेवून? खरंच का?

देवणी_खोंड
खरंच. मी पण ठेवून बघितली, मला मातीसारखीच लागली.

यमुनापार
मूळ गाव जिंतूर, नोएडात बारा वर्षं. मी त्या मेळ्याला दरवर्षी जातो, गिऱ्हाईक म्हणून. तुमचा स्टॉल बघितल्यासारखा वाटतोय, एक आजी एका माणसाला ओरडत होत्या म्हणा म्हणा म्हणून, मला वाटलं भांडण चाललंय म्हणून मी पुढं गेलो 🙏 आता पश्चात्ताप होतोय.

गिऱ्हाईकाच्या बाजूनं चार गोष्टी सांगतो. सोमवार ते शुक्रवार येणारा माणूस खरेदीला येतो, तिकीट पण स्वस्त असतं. शनिवार-रविवारी जी गर्दी लोटते ती फोटो काढायला, चौपालवर, म्हणजे तिथल्या मंचावर, नाचगाणं बघायला आणि जिलबी खायला. तिथं गोहानाची जिलबी मिळते, एकेक पाव किलोची, साजूक तुपातली, एक खाल्ली की दिवसभर दुसरं काही नको. हरियाणाच्या बीनवाल्यांची पार्टी असते, बहुरूपी फिरत असतात, राजस्थानचे कालबेलिया नाचणारे असतात, लेकरं त्यातच रमतात. 'अपना घर' म्हणून हरियाणवी घर मांडलेलं असतं, खाट, हुक्का, खरंच एक कुटुंब तिथं राहतं. म्हणजे शनिवारी तुमच्या स्टॉलसमोर हजार माणसं असली तरी ती दुसरीकडंच चाललेली असतात. तुमची पोत्याची गोधडी कोणत्या वारी गेली?

दुसरं, तिथं सगळेच घासाघीस करतात, दिल्लीवाला 3000 ला 1500 पासूनच सुरू करतो. अपमान समजू नका. पण ज्याला वस्तूची गोष्ट कळली तो करत नाही.

मांजराकाठ
दहावा दिवस म्हणजे 16 तारीख, रविवार 😅 तुमचा नियम मोडला. पण बाकी पटलं, मोठ्या 9 पैकी 6 मधल्या वारीच गेल्या.

आणि घासाघीशीचं म्हणाल तर एक जण म्हणला जयपुरी रजई मशीनची 900 ला येते, ही चार हजाराची कशी. आत्यानं त्याला शांतपणे सांगितलं, मी हिंदीत केलं, "मग ती घे की लेकरा, ती बी गरम असती." तो गेला आणि अर्ध्या तासानं येऊन दुपटं घेऊन गेला, बहिणीला बाळ होणार होतं म्हणे. दुपट्याला कोणी फार घासत नव्हतं. बाळाचं म्हणलं की माणसाचा हात जरा सैल होतो.

नवखंड्याचा
मी हिमरूवाल्यांच्या घरातला, संभाजीनगर. आमच्या आजोबांचे दोन माग होते, आता एक पण नाही, वडील रिक्षा चालवायचे, मी मोबाईल दुरुस्त करतो. हिमरू म्हणजे उभा धागा सुती आणि वरचं नक्षीचं काम रेशमाचं. किनखाबची, म्हणजे जरीच्या महागड्या कापडाची, हुबेहूब नक्कल पण परवडणारी, फारसीतल्या हमरू वरून नाव आलं असं घरात सांगायचे. खड्ड्यात बसून विणायचं, आणि वर माचीवर एक पोरगं जाल्याचे दोरे ओढायला, ते पोरगं म्हणजे माझे वडील होते लहानपणी. एक दोरा चुकला की खालून काठी बसायची.

मी हा धागा वाचताना एकच गोष्ट डोक्यात येत होती ती सांगतो. 2018 ला मामूसोबत मी सूरजकुंडला गेलो होतो, त्यांचा शालींचा स्टॉल होता. सकाळी मेळा उघडायच्या आधी वेळ होता म्हणून रिक्षानं जवळच तुघलकाबादचा किल्ला बघायला गेलो. मोठमोठे दगड, आत काटेरी झुडपं, माकडं. रस्त्याच्या त्या बाजूला घियासुद्दीनची कबर, आणि थोडं पुढं आदिलाबाद, तो मुहम्मद तुघलकानं बांधलेला. आता हा मुहम्मद तुघलक म्हणजे तोच ना ज्यानं 1327 ला राजधानी उचलून आपल्या दौलताबादला आणली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगत आलेत की आपण त्याच्यासोबत चालत आलो. खरं खोटं अल्लाला माहीत, लिहून कोणी ठेवलंय. पण मामू त्या भिंतीला हात लावून म्हणले, "इसने हमको यहाँसे पैदल भेजा, और अब हम टिकट काढके माल बेचने वापस आते." मामूंची हिंदी अशीच, मधेच मराठी घुसते.

त्या वर्षी शाली बऱ्या गेल्या. पण अर्ध्याहून जास्त लोक विचारायचे, ये कश्मीरी है क्या. तुमच्या आत्याला सांगा, कांथा एकट्या त्यांनाच ऐकावं लागत नाही.

बालाघाटी
वा. हे वेगळा धागा काढून सविस्तर लिहा तुम्ही, विनंती आहे.

सुशीला_खाणार
मला वेगळंच म्हणायचंय. वेरूळ-अजिंठा महोत्सव 2023 ला सात वर्षांनी परत सुरू झाला, संभाजीनगरच्या सोनेरी महालात. मी गेले होते, गाणं उत्तम, कथ्थक उत्तम, मागं महालावर दिवे सोडलेले, बघत राहावं असं. पण घरी येताना हातात काय आलं तर काहीच नाही. हिमरूवाला रात्री खुर्चीसमोर विणताना दिसला पाहिजे ना, पैठणचा विणकर दिसला पाहिजे, तांड्यावरच्या बंजारा बाया आरशाचं भरतकाम करताना दिसल्या पाहिजेत. आपल्याकडं गाणं एकीकडं, वस्तू दुसरीकडं, खाणं तिसरीकडं. सूरजकुंडमध्ये हे सगळं एका कुंपणात आहे म्हणून तर माणूस दिवसभर थांबतो आणि थांबला की घेतो. खायला काय होतं हो तिथं आपल्याकडचं? नान खलिया, सुशीला, निलंगा राईस असं काही?

तुरीचं_वरण
नाव सुशीला_खाणार आणि प्रश्न खाण्याचा, दुसरं काय येणार.

मांजराकाठ
महाराष्ट्रातलं म्हणून वडापाव दिसला एके ठिकाणी. मराठवाड्याचं म्हणावं तर आमची चटणी, ती पण आठव्या दिवशी संपली. आजूबाजूच्या तीन स्टॉलनी संपवली. आत्या म्हणायची इथं हुरड्याची भट्टी लावली असती तर गोधड्या विकायची गरजच पडली नसती, आणि खरंय, फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडं हुरड्याचे शेवटचे दिवस, तिथल्या लोकांना ज्वारीचा हुरडा म्हणजे काय ते माहीतच नाही. पण कणसं केजहून तिथपर्यंत कोवळी कशी न्यायची.

पैठणगेट_पलीकडे
फक्त एक सावधगिरी, धाग्यात पैठणीचा उल्लेख आला म्हणून. कुठल्याही मेळ्यात पैठणी घेताना पदर उलटा करून बघा. हातमागावर रंग बदलतो तिथं धागा धाग्यात अडकवून वळवतात, त्यामुळं मोर मागून पण तसाच दिसतो, मागं लोंबते धागे नसतात. पॉवरलूमला मागं सगळा दोऱ्यांचा पसारा किंवा कापलेले धागे. मेळ्यात आहे म्हणजे हाताचंच असणार असं धरून चालू नका. आमच्या वहिनीनी एका प्रदर्शनात 14,000 देऊन मशीनची आणली, आता नेसताना प्रत्येक वेळी कोणीतरी तेच सांगतं तिला. (मीच सांगतो.)

हिशोबाला_पक्की
मी परत आले. 65 रुपयांवरून मला तिघांनी निरोप केले की तू दगडाच्या काळजाची आहेस. तसं नाही. माझं म्हणणं न जाण्याचं नाही, भाव चुकलाय असं आहे. मोठी 3200 ला विकलीत तिथंच चुकलं. दुपारला निदान 150 धरा, 25 दुपारा म्हणजे 3750 नुसती मजुरी. वर दोरा, अस्तर, प्रवासाचा वाटा. 5500 च्या खाली मोठी विकूच नका. नाही गेली तर नाही गेली. मोठ्या पाचच न्या आणि दुपटी साठ न्या. दुपट्याला तीन दुपारा म्हणजे 450, आणि तुम्हाला 650 मिळाले, म्हणजे पोट दुपट्यावर आहे, मोठी नुसती मांडायला.

यमुनापार
याला दुजोरा. आणि मोठीसोबत एक चिठ्ठी जोडा, कुठलं लुगडं, कोणाचं, किती दिवस लागले. हिंदीत आणि इंग्रजीत. लोक वाचतात. मी तर त्यावरच घेतो.

बालाघाटी
चिठ्ठी नको. कोणाचं लुगडं आहे हे अनोळखी माणसाला कशाला सांगायचं. आमच्याकडं आईच्या लुगड्याची गोधडी बाहेर दिलेली चालत नाही, ती घरातच फाटते.

मांजराकाठ
@बालाघाटी, हे आत्याच्या पण मनात आहे. जी इलकल लुगड्यांची गोधडी गेली नाही म्हणून ती नाराज झाली होती ना, ती माझ्या आजीच्या लुगड्यांची होती. शेवटच्या दिवशी एक जण खरंच घ्यायला आला, 4000 ला तयार, पैसे मोबाईलवरून टाकायला स्कॅन पण करायलाला, आणि आत्यानं घडी घालून मांडीखाली घेतली. "ही इकायची न्हाई." मी बघतच राहिले. मग आणली कशाला इथपर्यंत, तर म्हणली, "लोकांनी बघावी म्हणून." म्हणजे सोळा दिवस तिला कोणी विचारत नव्हतं म्हणून रुसली होती, आणि विचारल्यावर देईना. हे हिशोबात कुठं लिहायचं सांगा.

हिशोबाला_पक्की
...नाही लिहिता येत. ती सोडून बाकीच्यांचा भाव मात्र 5500.

देवणी_खोंड
आत्यांना स्वतःला काय वाटतंय ते कोणी विचारलंच नाही या धाग्यात. जायचं का त्यांना?

मांजराकाठ
काल रात्री हा सगळा धागा तिला फोनवर वाचून दाखवला. बिदरच्या मातीवर हसली, हिमरूवाल्या मामूंचं दोनदा वाचायला लावलं. 65 रुपयांवर म्हणली, "त्या बाईला सांग, खुरपायला गेल्यावर दुपारी बसून शिवता येत न्हाई, गोधडी शिवताना सून जेवायला वाढती." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणली की यंदा गुडघे लई दुखायलेत, खालचा बर्थ मिळाला तरच येईन.

म्हणजे येणार आहे. भावाला अजून सांगितलं नाही.

आता अडचण वेगळी आहे. तिला परत मैद्याच्या पोत्याचं अस्तर लावायचंय, म्हणती लोकांना तेच पायजे तर तेच देऊ, पण वरचं काम माझं असंल. घरातली सगळी पोती संपली. बाजारात विचारलं तर मैदा आता प्लास्टिकच्या पोत्यात येतो, किराणावाला माझ्याकडं अशी बघायला लागला की बाई येडी झाली. कोणाकडं जुनी कापडी पोती असतील तर सांगा, पैसे देऊ.

सुशीला_खाणार
आमच्या आजोबांची अंबाजोगाईला बेकरी होती, बंद होऊन वीसेक वर्षं झाली. माळ्यावर पाच-सहा पडलेली असतील, आईला विचारते. पण उंदरांनी कुरतडलेली असणार, आधीच सांगते.

मांजराकाठ
कुरतडलेली पण चालतील. आत्या म्हणती तिथं ठिगळ लावू, नुसती अक्षरं शाबूत आहेत का तेवढं बघा.